आतल्या बाजूची शिवण : कोको शानेल

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी मी या महाविद्यालयात दाखल झाले, तेव्हा वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मैत्रिणींनी ओळख करून घेताना माझ्या वडिलांचा व्यवसाय विचारला. कापडाचा व्यापार, असे मी सांगून टाकले. ते अगदीच खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. आमचे अण्णा आठवड्यातले पाच दिवस पाच गावच्या बाजारांत ताडपत्री अंथरून परकर, झबली, टॉवेल, बनियन असा माल विकतात. आई घरी मशीनवर ब्लाउज शिवते आणि साड्यांना फॉल लावते. त्या दोघांच्या कमाईवर मी शिकते आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गुरुवारी आमच्या कॉलेजच्या गावीच बाजार भरतो आणि अण्णाही तिथे बसतात. वर्षभर मी दर गुरुवारी बाजाराचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने कॉलेजात जात असे. अण्णांना मी सांगून ठेवले होते, की गुरुवारी तास फार असतात.

हे सारे एका फ्रेंच बाईच्या चरित्रात कशाला, असे वाचकांना वाटेल. पण ते सांगितल्याशिवाय मी हा लेख का लिहिला हे कळणार नाही, म्हणून आधी लिहिले.

यंदा स्नेहसंमेलन जवळ आले, तशी वसतिगृहात कपड्यांची चर्चा सुरू झाली. कुणी शरारा आणणार होती, कुणी ताईचा शालू. त्यात एका मैत्रिणीने फ्रेंच बायकांचा विषय काढला. त्या म्हणे नटल्यासारख्या दिसतच नाहीत. एखादा काळा झगा, नाहीतर पांढरा सदरा, नाहीतर खलाशांसारखा आडव्या पट्ट्यांचा शर्ट, गळ्यात मोत्यांचा सर, चेहऱ्यावर जेमतेम रंग, केस सहज मागे सारलेले. आणि तरी पाहणाऱ्याने पाहत राहावे. मला हे फार आवडले. खरे सांगायचे तर साधेपणा मला परवडणारा होता, म्हणून जास्तच आवडले. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले, तेव्हा पोशाखांच्या इतिहासावरचे एक जाड सचित्र इंग्रजी पुस्तक हाती आले. शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागले. काळा झगा, पट्ट्यांचा शर्ट, खोट्या मोत्यांचा सर, खांद्याला लटकवायची पर्स, काहीही काढले तरी वाट एकाच बाईच्या दाराशी जात होती. तिचे नाव कोको शानेल. तिच्यावरच्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर होते, की तिचे वडील गावोगावच्या बाजारांत फिरून माल विकत. मग मात्र मी ते पुस्तक खाली ठेवले नाही.

तिचे खरे नाव गॅब्रिएल. तिचा जन्म १९ ऑगस्ट १८८३ रोजी फ्रान्समध्ये लुआर नदीकाठच्या सोमूर या गावी, नन चालवीत असलेल्या धर्मार्थ रुग्णालयात झाला. नोंदवहीत तिचे आडनावसुद्धा चुकीचे लिहिले गेले. वडील आल्बेर हे फिरते विक्रेते, आई झान ही कपडे धुण्याची कामे करणारी. त्या दोघांचे लग्न तोवर झालेले नव्हते. ते पुढच्या वर्षी झाले. बाजारामागून बाजार फिरणाऱ्या या कुटुंबाला स्थिर घर नव्हते. बाळंतपणांनी आणि दगदगीने झिजलेली आई १८९५ साली वारली, तेव्हा गॅब्रिएल अकरा वर्षांची होती. वडिलांनी मुलगे शेतावर कामाला ठेवले आणि ज्युलिया, गॅब्रिएल व आंत्वानेत या तिघी मुलींना ओबाझीन या खेड्यातील मठाच्या अनाथाश्रमात सोडले. त्यानंतर ते मुलींच्या आयुष्यात परत आले नाहीत.

ओबाझीनचा मठ बाराव्या शतकातला. जाड दगडी भिंती, आत पांढरा चुना, ननांचे काळे-पांढरे वेष, आणि कशालाच कसले नक्षीकाम नाही. तिथे मुलींना शिवणकाम शिकवीत. चादरीची कड दुमडायची, सरळ टाका घालायचा, चुकले की उसवून पुन्हा घालायचा. ही कामे पोटाला उपयोगी पडावीत एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे सगळ्या जगाने जिला साधेपणाची राणी म्हटले तिचे काळा, पांढरा आणि सरळ रेघ हे तीनही धडे याच अनाथाश्रमात झाले असावेत, असे तिचे अनेक चरित्रकार मानतात. मलाही ते पटते. लहानपणी डोळ्यांना जे दिसते ते पुढे हातांतून उतरते.

अठराव्या वर्षी तिला मूलाँ या गावातील ननांच्या शाळेत धर्मार्थ जागा मिळाली. फी भरणाऱ्या घरंदाज मुली वेगळ्या आणि या वेगळ्या. फीमाफीचा फॉर्म भरून रांगेत उभे राहिलेल्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. तिथून बाहेर पडल्यावर ती एका दुकानात शिवणकामाला राहिली. मूलाँमध्ये घोडदळाची छावणी होती. संध्याकाळी तिथल्या एका गाण्याच्या कॅफेत ती सैनिकांपुढे गाई. आवाज काही फार चांगला नव्हता; पण ती गात असलेल्या दोन गाण्यांत हा शब्द येई, म्हणून लोक तिला कोको म्हणू लागले. हे नाव तिने जन्मभर वापरले आणि पुढे मात्र ते वडिलांनी लाडाने ठेवलेले नाव आहे, असे सांगत राहिली.

याच छावणीच्या गावात तिची एत्येन बाल्साँ या श्रीमंत कापड-कारखानदार घराण्यातील तरुणाशी गाठ पडली. काँप्येनजवळच्या त्याच्या वाड्यात ती लग्नाशिवायच काही वर्षे राहिली. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. आईबापांवेगळ्या, हुंडा नसलेल्या शिवणकामवाल्या मुलीला त्या काळच्या फ्रान्समध्ये वर चढायच्या वाटा फारच थोड्या होत्या. बाल्साँकडे घोडे होते. ती घोड्यावर बसायला शिकली, आणि त्यासाठी तिने पुरुषी विजार शिवून घेतली.

त्या काळच्या श्रीमंत बायकांच्या पोशाखाची कल्पना आपल्याला यायची नाही. कमरेभोवती ताठ पट्ट्यांची, पाठीमागे नाड्यांनी आवळलेली काचोळी असे. ती आवळून घालायला बहुधा दासी लागे. त्यावर जमिनीवर लोळणारा झगा, आणि डोक्यावर फुले, फळे, पिसे, कधी अख्खा पक्षी बसवलेली परातीएवढी हॅट. पॉल प्वारे या पॅरिसच्या नामवंत शिंप्याने १९०६ च्या सुमारास काचोळीला सुट्टी देऊन पाहिली होती. पण त्याचे झगेही थाटामाटाचे आणि कधी कधी पाऊलही टाकता येऊ नये इतके घोट्याशी अरुंद होते. कोकोजवळ असल्या पोशाखाला पैसेही नव्हते आणि तो तिला शोभतही नव्हता. ती पॅरिसच्या मोठ्या दुकानातून साध्या गवती हॅट आणी आणि त्यांना एखादी फीत लावून वापरी. वाड्यावर येणाऱ्या बायका तशाच हॅट मागू लागल्या. तिच्या धंद्याची सुरुवात ही अशी झाली.

धंद्याला भांडवल दिले ते बाल्साँचा मित्र आर्थर केपेल या इंग्रजाने. १९१० साली पॅरिसच्या काँबाँ रस्त्यावर २१ क्रमांकाच्या घरात तिचे हॅटचे दुकान उघडले. केपेलवर तिचे प्रेम होते, आणि केपेलचेही तिच्यावर होते; तरी त्याने पुढे लग्न केले ते एका खानदानी इंग्रज मुलीशी. २२ डिसेंबर १९१९ ला तो मोटार अपघातात मरण पावला. त्याचे पैसे मात्र तिने त्याच्या हयातीतच फेडून टाकले होते. ही एक गोष्ट वाचून मला तिच्याविषयी फार आदर वाटला.

तिचे खरे नाव झाले ते समुद्रकाठी. १९१३ साली तिने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोव्हिल या श्रीमंतांच्या हवापालटाच्या गावी दुकान काढले. तिथे कोळी आणि खलाशी सैल, डोक्यावरून घालायचे विणलेले सदरे वापरीत. आडव्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा तर फ्रेंच नौदलाने १८५८ सालीच खलाशांचा गणवेष म्हणून ठरवून दिला होता. कष्टकऱ्यांच्या अंगावरचा हा कपडा तिने उचलला आणि बायकांसाठी शिवला. पुढच्या वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. पुरुष आघाडीवर गेले, गाड्या-घोडे सरकारजमा झाले, आणि पॅरिसच्या श्रीमंत बायका दोव्हिलला येऊन राहिल्या. आता त्यांना चालावे लागत होते, कामे करावी लागत होती, नाड्या आवळणाऱ्या दासी मिळेनाशा झाल्या होत्या. अशा वेळी ज्यात हात वर होतो, पाऊल पुढे पडते आणि जो आपला आपल्याला घालता येतो, असा कपडा गावात एकाच दुकानात मिळत होता. १९१५ मध्ये तिने स्पेनच्या सीमेजवळ बियारित्झ येथे मोठे शिवणगृह उघडले.

युद्धामुळे चांगले कापड मिळेना, तेव्हा १९१६ साली तिने रॉदिए या कारखानदाराकडून जर्सीचे कापड घेतले. जर्सी म्हणजे आपण ज्याला होजिअरी किंवा बनियनचे कापड म्हणतो ते. तोपर्यंत ते बहुतेक पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरीत. त्याचे बाहेर घालायचे कपडे करणे हे त्या काळी धाडसच होते. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी हे आईला सांगितले. आईला शानेल ठाऊक नाही, पण कापड ठाऊक आहे. तिने मला दाखवले, की साडीच्या कापडात उभा आणि आडवा धागा असतो म्हणून ते धरले तसे राहते. बनियनचे कापड स्वेटरसारखे फाशात फास अडकवून विणलेले, म्हणून ते ताणते, मशीनखाली सरकते आणि कापले की कडा गुंडाळतात. त्याला फार चुण्या, फार कळ्या, फार जोड चालत नाहीत. मग मला उमगले, की शानेलच्या कपड्यांची सरळ रेघ नुसत्या आवडीतून आली नव्हती. कापडच तसे होते. तिने हट्टाने त्याला काचोळीचा आकार दिला नाही, कापडाला जे जमते तेच त्याच्याकडून करून घेतले. चांगल्या कारागिराचे लक्षण हेच असावे.

१९१८ साली तिने काँबाँ रस्त्यावरची ३१ क्रमांकाची इमारत घेतली. पुढची दहा-बारा वर्षे तिच्या भरभराटीची. तिने स्वतःचे केस कापले, उन्हाने रापलेली कातडी झाकली नाही, आणि तेच सौंदर्याचे लक्षण ठरले. शेतात राबणाऱ्या बाईची रापलेली कातडी श्रीमंतांच्या घरात मिरवू लागली, ही त्यातली गंमत. १९२१ साली एर्नेस्त बो या अत्तरकाराने तिच्यासाठी तयार केलेल्या नमुन्यांतून तिने पाचवा निवडला, आणि त्याला नुसता नंबर पाच एवढेच नाव दिले. बाटलीही नक्षीवाचून, चौकोनी. १९२४ मध्ये या अत्तरासाठी व्हेर्टहायमर बंधूंबरोबर कंपनी झाली, आणि तीत तिच्या वाट्याला फक्त दहा टक्के आले. या दहा टक्क्यांची गोष्ट पुढे येणार आहे.

१९२६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या व्होग मासिकाने तिच्या एका काळ्या झग्याचे चित्र छापले आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली. सगळ्यांना चालेल, सगळीकडे दिसेल, असा हा झगा. काळा रंग तोवर सुतकाचा आणि मोलकरणींचा. शानेलने तो मेजवानीला नेला. त्यावर ती मोत्यांचे सर घाली, तेही खरे आणि खोटे एकत्र. दागिना किती तोळ्यांचा हे पाहणाऱ्याला कळूच नये, तो कपड्याला शोभतो की नाही एवढेच कळावे, असा तिचा कटाक्ष होता. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकशी मैत्री झाल्यावर तिने स्कॉटलंडचे खरबरीत ट्वीड, जे पुरुष शिकारीला घालीत, तेही बायकांच्या कोटांना लावले.

एवढे साधे कपडे साध्या माणसांना मिळत होते का? नाही. ते फार महाग होते. श्रीमंतांना ती गरिबीचा वेष भारी किमतीला विकते, अशी टवाळी त्या काळीही झाली होती, आणि तीत तथ्य आहे. पण ती किंमत कशाची होती, तेही पाहिले पाहिजे. शानेल कागदावर चित्रे काढीत नसे. गळ्यात फितीला कात्री अडकवून ती समोर उभ्या मुलीच्या अंगावर कापड लावी, टाचण्या मारी, कापी. सगळ्यांत तिचा जीव बाहीत असे. हात वर केला तरी कोट वर ओढला जाता कामा नये, म्हणून ती मुंढा पुन्हा पुन्हा उसवी. तयार झालेली बाही ती अनेकदा हाताने टरकन ओढून काढी. आमच्या आईचेही हेच आहे. मुंढा चुकला की ब्लाउज चुकला. जे अंगावर सहज दिसते ते उसवून उसवून सहज झालेले असते. मैत्रिणीने सांगितलेल्या न नटल्यासारख्या दिसण्यामागे एवढी शिवण आहे, आणि ती सगळी आतल्या बाजूला आहे.

आता तिच्या आयुष्याची आतली बाजू. जिने बायकांच्या कपड्यांतला सगळा खोटा डौल काढून टाकला, तिने स्वतःच्या आयुष्यावर मात्र खोट्याचे थरावर थर चढवले. ओबाझीनच्या अनाथाश्रमाचे नाव तिने उभ्या आयुष्यात जाहीरपणे घेतले नाही. आपल्याला दोन कडक आत्यांनी वाढवले, वडील अमेरिकेत नशीब काढायला गेले, अशा गोष्टी ती सांगे. जन्मसालही ती पुढे ढकली. चरित्र लिहायला आलेल्या लेखकांना ती दर वेळी वेगळीच हकीकत सांगे, आणि मग छापूही देत नसे. लूसिएन हा तिचा भाऊ वडिलांसारखाच फिरत्या बाजारांत बसे आणि पादत्राणे विकी. त्याला आणि दुसऱ्या भावाला ती पैसे पाठवीत होती. त्यात माया असेलही, पण बाजारात बसलेला भाऊ कुणाला दिसू नये ही भीतीही होती. १९३९ साली तिने ते पैसेही बंद केले.

हे वाचताना मला मागची गल्ली आठवली. कापडाचा व्यापार हे माझे उत्तरही आठवले. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले.

लपवलेली गोष्ट नुसती लपून राहत नाही, ती माणसाला बदलते, असे मला तिच्या पुढच्या आयुष्यावरून वाटले. १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये कामगारांचे मोठे संप झाले. पगार, कामाचे तास आणि पगारी रजा यांसाठी कारखाने बंद पडले. काँबाँ रस्त्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीही संपावर बसल्या आणि त्यांनी शानेललाच दारातून आत येऊ दिले नाही. तिला तो घोर अपमान वाटला. मूलाँच्या दुकानात टाके घालणारी मुलगी तिला त्या दारात दिसली नाही. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच तिने शिवणगृह बंद केले आणि हजारो बायकांचे काम गेले. संपाचा तिने सूड घेतला, असे तेव्हा अनेकांना वाटले.

याहून वाईट पुढे आहे. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ती रिट्झ हॉटेलात राहिली, आणि दिंकलागे या जर्मन अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते. व्हेर्टहायमर बंधू ज्यू होते आणि ते अमेरिकेला निघून गेले होते. ज्यूंची मालमत्ता काढून घेणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन १९४१ साली तिने अत्तराची सगळी कंपनी आपल्याला मिळावी असा अर्ज केला. व्हेर्टहायमर यांनी कंपनी आधीच एका ख्रिस्ती फ्रेंच उद्योजकाच्या नावावर करून ठेवली होती, म्हणून तो बेत फसला. दहा टक्क्यांबद्दलची तिची तक्रार न्याय्य असेलही. पण लाखो माणसांना मारणाऱ्या राजवटीच्या हाताने ती सोडवू पाहणे हे अक्षम्यच म्हटले पाहिजे. तिच्या मृत्यूनंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून जर्मन हेरखात्याच्या नोंदींतही तिचे नाव होते असे दिसते. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर तिची चौकशी झाली, तिला सोडून देण्यात आले, आणि ती स्वित्झर्लंडला जाऊन राहिली.

या पानांपाशी मी अडखळले. लेख लिहूच नये असेही वाटले. मग वाटले, की थोरांची चरित्रे आपण शाळेत वाचली ती सगळी चांगुलपणाने भरलेली होती, आणि म्हणून त्यांतून आपल्याला स्वतःबद्दल काही कळले नाही. शानेलचे हात फार मोठ्या कारागिराचे होते. मन मात्र त्या हातांइतके मोठे झाले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगायची म्हणून दुसरी झाकता येत नाही.

युद्धानंतर १९४७ साली ख्रिस्तिआँ दिऑर याने पुन्हा आवळलेल्या कमरेचे, वार न् वार कापडाच्या घेराचे झगे आणले आणि सारे जग त्यांवर भुलले. शानेलला ते पाहवेना. ५ फेब्रुवारी १९५४ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तिने काँबाँ रस्त्यावर पुन्हा आपले कपडे मांडले. पैसा पुरवला तो त्याच व्हेर्टहायमर यांनी. फ्रेंच वर्तमानपत्रांनी तिची थट्टा केली. पण अमेरिकेतल्या नोकरी करणाऱ्या बायकांनी ते कपडे उचलून धरले, आणि ती परत वर आली. ट्वीडचा तो कोट आणि घागरा म्हणजे तिच्या सगळ्या शिकण्याचे सार होते. खिसे खरे, हात घालता येतील असे. बटण असेल तिथे काज असलेच पाहिजे. आणि कोट खालून सरळ लोंबावा म्हणून अस्तराच्या आत, कडेला, बारीक साखळी शिवलेली. हे वाचले तेव्हा मला हसू आले. आमची आई साडीला फॉल लावते तो याच कामासाठी. कड जड व्हावी, निऱ्या नीट पडाव्यात, आणि बाहेरून मात्र काही दिसू नये. १९५५ च्या फेब्रुवारीत तिने साखळीने खांद्याला लटकवायची पर्स काढली, कारण बायकांचे हात मोकळे राहिले पाहिजेत. १९५७ साली पुढून काळी आणि बाकी फिक्या रंगाची चप्पल काढली, पाय लहान दिसावा आणि पुढची बाजू लवकर मळू नये म्हणून.

१० जानेवारी १९७१ रोजी, रविवारी, रिट्झ हॉटेलातल्या आपल्या खोलीत ती वारली. ती ८७ वर्षांची होती. शिवणगृह बंद असते म्हणून रविवार तिला आवडत नसे, असे सांगतात. आदल्या दिवसापर्यंत तिचे नव्या कपड्यांचे काम चालूच होते आणि ते कपडे तिच्या मागे त्याच महिन्यात लोकांपुढे आले. तिला स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे पुरले. जन्म धर्मार्थ दवाखान्यात आणि मृत्यू जगातल्या महागड्या हॉटेलात. पण दोन्ही ठिकाणी घर म्हणावे असे काही नव्हते.

मैत्रिणींनो, फ्रेंच बायकांसारखे सहज कसे दिसावे, हे शोधायला मी निघाले होते. उत्तर मिळाले ते थोडेच आहे. कपडा अंगाबरोबर हलला पाहिजे, हात वर झाला पाहिजे, खिशात हात गेला पाहिजे, आणि दागिन्याने आपली ऐपत सांगत बसू नये. हे आपल्या सुती साडीतही जमते आणि आईने शिवलेल्या ब्लाउजातही जमते. स्नेहसंमेलनाला मी आईची काळी, बारीक काठाची सुती साडी नेसले आणि गुरुवारच्या बाजारातल्या खोट्या मोत्यांचा एक सर घातला. कुणी फार वाखाणले नाही, पण मला दिवसभर सुखाने वावरता आले.

दुसरे उत्तर कपड्यांचे नाही. अंगावरचा कपडा कितीही सहज असला तरी काही लपवत असलेला माणूस सहज वावरू शकत नाही. शानेलने जगाला साधे केले आणि स्वतः आयुष्यभर सावध राहिली. अनाथाश्रमातल्या त्या मुलीचे नाव तिने एकदा मोठ्याने घेतले असते, तर संपाच्या दिवशी दारातल्या मुलींशी ती वेगळे वागली असती का? कोण जाणे. पण मला तो प्रश्न स्वतःला विचारावासा वाटला.

संमेलनानंतरच्या गुरुवारी शेवटचा तास संपल्यावर मी मागच्या गल्लीने गेले नाही. बाजारात गेले आणि अण्णांच्या ताडपत्रीवर बसले. त्यांनी आधी काही झाले का म्हणून काळजीने पाहिले, मग पाण्याची बाटली पुढे केली. तासाभराने आमच्याच वर्गातल्या दोघी तिकडून आल्या. मी त्यांना अण्णांची ओळख करून दिली. एकीला परकर हवा होता. तिने घासाघीस केली, आणि लेकीच्या वर्गातली मुलगी म्हणून अण्णांनी दहा रुपये कमीच घेतले. संध्याकाळी गाठोडे बांधताना मी त्यांना सांगितले, की आता गुरुवारी तास लवकर सुटतात.